रक्तदान, रक्तपेढी, रक्तसंक्रमण : तीन शब्द व त्यांमागील इतिहास

१

नाशिकच्या पांडवलेण्यांतील अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दारावर एक छोटा प्राकृत लेख कोरलेला आहे. नासिकच्या लोकांनी दिलेल्या धंभिक गावाच्या दानाची नोंद त्यात केली आहे. तेथून जवळच, दहाव्या लेण्यात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकी एका लेखात त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ स्थापन केल्याचे सांगितले आहे. या रकमेपैकी दोन हजार गोवर्धन येथील कोष्टी लोकांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले होते. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, अशी अटही त्यात नमूद आहे.

‘दान’ आणि ‘ठेव’ या दोन कल्पना या भूमीत किती जुन्या आहेत, हे या लेखांवरून स्पष्ट होते. विसाव्या शतकात एका माणसाचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात घालण्याची विद्या महाराष्ट्रात आली, तेव्हा मराठीने तिच्यासाठी शब्द घडविले ते याच दोन कल्पनांच्या आधाराने. रक्त देणे हे ‘रक्तदान’ झाले, आणि ते जेथे साठवावयाचे ती जागा ‘रक्तपेढी’ झाली. शासकीय व वैद्यकीय व्यवहारासाठी ‘रक्तसंक्रमण’ हा तिसरा शब्द रूढ झाला. शब्द कल्पना वाहून नेतात, तसेच त्या कल्पनांच्या मर्यादाही वाहून नेतात. प्रस्तुत विद्येच्या इतिहासात दोन प्रश्न प्रथमपासून आहेत : रक्त कोणाचे द्यावे, आणि केव्हा द्यावे. उपर्युक्त तीनही शब्द पहिल्या प्रश्नाभोवती फिरतात. दुसऱ्या प्रश्नाविषयी ते जवळजवळ मौन पाळतात. या मौनाचा परिणाम आजही रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो, म्हणून त्याची ऐतिहासिक तपासणी करणे अगत्याचे आहे.

२

नाशिक हे नाव लोकपरंपरेने शूर्पणखेच्या नासिकाच्छेदाशी जोडले आहे. पंचवटीतील त्या कथेत जखम आहे, आक्रोश आहे, सूड आहे. परंतु वाहत्या रक्ताचे पुढे काय झाले, हा प्रश्न कथेला पडत नाही. तो प्रश्न पडला वैद्यांना. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय सर्वस्वी रक्ताविषयी आहे. देहाचे मूळ रक्त असून त्याचे यत्नपूर्वक रक्षण करावे, असा त्यातील सिद्धान्त आहे. अतिरिक्त रक्तस्रावाने होणाऱ्या विकारांची यादी तेथे दिली आहे, आणि तिचा शेवट मृत्यू या शब्दाने होतो. रक्त थांबविण्याचे चार उपायही तेथे सांगितले आहेत. तुरट द्रव्यांनी जखमेचे तोंड सांधणे हे संधान, थंडाव्याने रक्त गोठविणे हे स्कंदन, भस्माने व्रण पक्व करणे हे पाचन, आणि डाग देऊन शीर आकसविणे हे दहन होय.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या शास्त्राने रक्तमोक्षण, म्हणजे मुद्दाम रक्त काढणे, हा उपचार मानला, त्यानेच त्याला मर्यादाही घातली. बलवान रोग्याचेही एका प्रस्थाहून अधिक रक्त काढू नये, असे शारीरस्थानात सांगितले आहे. रक्तहानीला माप असते आणि त्या मापापलीकडे धोका असतो, ही जाणीव त्यामागे स्पष्ट आहे.

गेलेले रक्त भरून काढण्याचा विचारही या ग्रंथांत आढळतो. अतिस्राव झालेल्यास हरिण, मेंढा, ससा, महिष, वराह इत्यादी प्राण्यांचे रक्त पाजावे, असे सुश्रुताने म्हटले आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात प्राण्यांचे ताजे रक्त पाजण्याबरोबर बस्तीच्या मार्गाने देण्याचाही उल्लेख आहे. एवढ्यावरून प्राचीन भारतात रक्तसंक्रमण होत होते असे अनुमान काढणे मात्र युक्त नव्हे. रक्त शिरेत घालण्याची कल्पना या वचनांत नाही. पोटात गेलेले रक्त अन्नाप्रमाणे पचते, ते रक्त म्हणून अभिसरणात मिसळत नाही. या ग्रंथांचे खरे महत्त्व वेगळे आहे. रक्त गेले तर प्रथम ते थांबवावे आणि भरपाईचा विचार त्यानंतर करावा, हा क्रम त्यांनी निश्चित केला. सोळा-सतरा शतकांनंतर अत्यंत निराळ्या साधनांनी आधुनिक वैद्यक याच क्रमावर येऊन ठेपले.

३

युरोपात हार्वेने रक्ताभिसरणाचा सिद्धान्त १६२८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर शिरेतून रक्त देण्याची कल्पना संभवनीय झाली. रिचर्ड लोअर याने १६६५-६६ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथे एका कुत्र्याचे रक्त दुसऱ्या कुत्र्यास दिले. १५ जून १६६७ रोजी पॅरिसमध्ये झां-बाप्तिस्त दनी याने कोकराचे रक्त एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या शरीरात घातले. तो मुलगा वाचला. परंतु पुढील हिवाळ्यात दनीच्या एका रुग्णाचा मृत्यू झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ही पद्धती सुमारे दीडशे वर्षे अस्तंगत झाली. हे सर्व प्रयोग रक्तहानीवर नव्हते. त्या मुलाला दीर्घकाळ ज्वर होता, मरण पावलेला मनुष्य वेडाच्या झटक्यांनी पीडित होता. रक्त बदलले की स्वभाव बदलेल, अशी त्या काळची समजूत होती.

रक्तहानी आणि रक्तसंक्रमण यांची खरी सांगड घातली लंडनच्या जेम्स ब्लंडेल या प्रसूतिवैद्याने. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने डोळ्यांदेखत मरणाऱ्या स्त्रिया पाहून तो या विषयाकडे वळला. १८१८ मध्ये त्याने माणसाचे रक्त माणसास दिले, आणि प्रसूतीनंतर रक्तस्राव झालेल्या स्त्रीला रक्त देऊन वाचविल्याचा त्याचा वृत्तान्त १८२९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्राण्याचे रक्त माणसास देऊ नये आणि हा उपाय मरणोन्मुख अवस्थेसाठी राखून ठेवावा, असा त्याचा आग्रह होता. ‘केव्हा’ हा प्रश्न आधुनिक काळात प्रथम गंभीरपणे विचारला गेला तो येथे.

तथापि ब्लंडेलचे अनेक रुग्ण दगावले, आणि त्याचे एक कारण त्याला कळणे शक्यच नव्हते. माणसामाणसांचे रक्तही एकमेकांस प्रतिकूल असू शकते, हे व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर याने १९००-०१ मध्ये दाखवून दिले. तांबड्या पेशींच्या पृष्ठावर ‘ए’ किंवा ‘बी’ ही प्रतिजने असतात वा नसतात. ज्याच्या पेशींवर जे नाही त्याच्या विरुद्धचे प्रतिपिंड त्याच्या रक्तद्रवात असते. विजोड रक्त मिळाल्यास पेशी गुठळून फुटतात. या शोधासाठी त्याला १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या महायुद्धात सलोनिकाच्या छावणीत लुडविक व हांका हिर्शफेल्ड या दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले, त्यांत भारतीय सैनिकही होते. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे युरोपियनांत ‘ए’ तर भारतीयांत ‘बी’ गट अधिक आढळला. दरम्यान १९१४ मध्ये सायट्रेट मिसळून रक्त न गोठता ठेवता येते, हे ब्रसेल्स व ब्यूनॉस आयरिस येथे स्वतंत्रपणे सिद्ध झाले. रक्त देणारा व घेणारा यांना शेजारी निजविण्याची आवश्यकता संपली, आणि रक्त ही साठविण्याजोगी वस्तू बनली.

४

‘कोणाचे’ या प्रश्नाच्या उत्तरात महाराष्ट्राची भर मोठी आहे. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना अशा व्यक्ती आढळल्या, की ज्यांच्या तांबड्या पेशी ‘ओ’ गटाच्या दिसत, परंतु ज्यांचा रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या पेशींनाही गुठळवी. लंडनच्या लिस्टर संस्थेतील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्या सहकार्याने केलेल्या अभ्यासाचा वृत्तान्त १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ‘ए’ व ‘बी’ ही दोन्ही प्रतिजने ज्या पायावर उभी राहतात तो ‘एच’ हा पदार्थच या व्यक्तींच्या पेशींवर नसतो. ‘ओ’ गटाच्या पेशींवर मात्र तो विपुल असतो. यास्तव जगभर सर्वांना चालणारे म्हणून मानलेले ‘ओ’ रक्त या व्यक्तींना प्राणघातक ठरू शकते.

या गटास ‘बॉम्बे’ हे नाव मिळाले. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले. रक्तगटाचे नाव मात्र शास्त्रीय व्यवहारात जसेच्या तसे राहिले. भारतात हा गट साधारणपणे दहा हजारांत एकाचा असतो, युरोपात तो दहा लाखांत एखाद्याचा आढळतो. केवळ पेशींची तपासणी केली तर अशा व्यक्तीची नोंद ‘ओ’ अशी होते. रक्तद्रवाची उलट तपासणी आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या रक्ताची प्रत्यक्ष जुळणी केली तरच चूक उघडकीस येते. अपघाताच्या घाईत ही पायरी गाळण्याचा मोह होतो, आणि धोका तेथेच असतो. रक्तगटांच्या अभ्यासासाठी १९५७ मध्ये मुंबईत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्र सुरू झाले. त्यातूनच पुढे आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था उभी राहिली.

मराठीत ‘रक्ताचे नाते’ असा वाक्प्रचार आहे. लँडस्टायनरच्या शोधाने त्याला एका अर्थी छेद दिला, कारण सख्ख्या भावाचे रक्त न जुळावे आणि अनोळखी माणसाचे जुळावे, हे नित्य घडते. बॉम्बे गटाच्या बाबतीत मात्र तो वाक्प्रचार पुन्हा अक्षरशः खरा होतो. आईबापांत हा गुण सुप्त असेल तर प्रत्येक अपत्यात तो प्रकट होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून अशा रुग्णासाठी रक्त शोधताना प्रथम त्याची भावंडेच तपासली जातात.

५

‘रक्तपेढी’ हा शब्द इंग्रजी शब्दाच्या साच्यावर घडला आहे. शिकागोच्या कुक कौंटी रुग्णालयातील बर्नार्ड फँटस याने १९३७ मध्ये आपल्या रक्तसाठ्यास ‘ब्लड बँक’ हे नाव दिले. जो विभाग रक्त काढील त्याने तितक्याच रक्ताची भर घालावी, असा हिशेब त्यामागे होता. मराठीने ‘बँक’ ठेवण्याऐवजी ‘पेढी’ घेतली. पेढी म्हणजे सराफाची वा सावकाराची व्यवहाराची जागा. तिच्यात जमाखर्च आला, पत आली, आणि देण्याघेण्याचा सौदाही आला.

हा शेवटचा अर्थ दीर्घकाळ दुर्दैवाने खरा ठरला. पैशासाठी पुनःपुन्हा रक्त विकणाऱ्या गरीब माणसांवर देशातील रुग्णालये मोठ्या प्रमाणात विसंबून होती. त्याविरुद्ध ऐच्छिक रक्तदानाची चळवळ मुंबईत लीला मुळगावकर यांनी १९५४ मध्ये सुरू केली. विक्रीच्या जागी ‘दान’ हा शब्द आणणे हे केवळ भाषिक परिवर्तन नव्हते. विकणाऱ्याला आपला आजार लपविण्याचे कारण असते, देणाऱ्याला ते नसते. दानाचे रक्त म्हणूनच अधिक सुरक्षित असते. १९८९ मध्ये एचआयव्हीची तपासणी अनिवार्य झाली. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला, आणि त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. राष्ट्रीय रक्त धोरण २००२ मध्ये जाहीर झाले. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, उपदंश व हिवताप यांसाठी तपासणी होते.

पेढीचे रूपक आणखी एका ठिकाणी अपुरे पडते. उषवदाताची नीवी अक्षय होती. रक्ताची ठेव क्षय पावणारी आहे. तांबड्या पेशी शीतकपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात, बिंबाणू ५ दिवस, आणि गोठविलेला रक्तद्रव सुमारे एक वर्ष. एका मोठ्या शिबिरात जमलेले रक्त सहा आठवड्यांत वापरले नाही तर वाया जाते. म्हणून वर्षातून एकदा शेकडोंनी दिलेल्या रक्तापेक्षा वर्षभर थोडे थोडे मिळत राहणारे रक्त अधिक उपयोगी पडते. उत्सवातील दान आणि नियमाने दिलेले दान यांतील हा भेद ‘रक्तदान’ या शब्दात दिसत नाही.

६

आता दुसरा प्रश्न. प्रौढ माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ७० मिलिलिटर रक्त असते. त्यातील सातव्या हिश्शापर्यंत, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांपर्यंत, रक्त गेले तर निरोगी शरीर ते सहसा सोसते. रक्तदानात ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते ते याच आधारावर. १५ ते ३० टक्के हानीत नाडी जलद होते, त्वचा थंड पडू लागते. ३० टक्क्यांच्या पुढे रक्तदाब कोसळतो, आणि ४० टक्क्यांच्या पुढे तातडीने रक्त न मिळाल्यास प्राण वाचणे कठीण होते. वाहत्या रक्ताच्या प्रसंगी हिमोग्लोबिनच्या आकड्याची वाट पाहणे घातक असते. पेशी व द्रव एकाच प्रमाणात जातात, त्यामुळे प्रारंभी तो आकडा उतरतच नाही. तेथे नाडी, रक्तदाब, श्वास आणि रुग्णाचे भान यांवरूनच निर्णय घ्यावा लागतो.

वाहणे थांबले असता किंवा रक्त हळूहळू कमी झाले असता प्रश्न निराळा असतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ॲडम्स व लंडी यांनी १९४२ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्तसंक्रमणाविषयी शिफारस केली, आणि तिच्यातून हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅमच्या खाली गेले की रक्त द्यावे असा नियम रूढ झाला. अर्धशतकाहून अधिक काळ तो जवळजवळ अविचाराने पाळला गेला. कॅनडातील ८३८ अत्यवस्थ रुग्णांवर केलेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्यास हादरा दिला. एका गटास १० ग्रॅमच्या खाली रक्त दिले, दुसऱ्यास ७ ग्रॅमच्या खाली. हात आखडून रक्त दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले नाहीत. २०१३ मध्ये जठर व अन्ननलिकेतील रक्तस्रावाच्या ९२१ रुग्णांवरील बार्सेलोना येथील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कमी रक्त दिलेल्या गटातील ९५ टक्के रुग्ण सहा आठवड्यांनंतर जिवंत होते, तर अधिक दिलेल्या गटातील ९१ टक्के. प्रचंड रक्तस्राव चालू असलेले रुग्ण मात्र या अभ्यासात घेतले नव्हते, हे विसरता कामा नये. स्थिर प्रौढ रुग्णास साधारणपणे ७ ग्रॅमपर्यंत, आणि हृदयविकार असल्यास ८ ग्रॅमपर्यंत थांबावे, हा आजचा सर्वसाधारण संकेत आहे. थॅलसेमियासारख्या आजारांत नियमाने रक्त द्यावे लागते, तेथील नियम वेगळे असतात.

त्याच काळात रक्त थांबविण्याच्या उपायांकडे पुन्हा लक्ष गेले. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध वेळेत दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे जखमींच्या बाबतीत २०१० मध्ये व प्रसूत स्त्रियांच्या बाबतीत २०१७ मध्ये, प्रत्येकी वीस हजारांहून अधिक रुग्णांवरील अभ्यासांनी दाखविले. दुखापत वा प्रसूती झाल्यापासून तीन तासांच्या आत ते द्यावे लागते. प्रथम थांबवावे, मग भरावे, हा सुश्रुताचा क्रम अशा रीतीने पुन्हा प्रतिष्ठित झाला.

७

या सर्व ज्ञानाचा लोकभाषेतील शब्दांशी संबंध काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर घरोघरच्या मराठीत आहे. ‘रक्तसंक्रमण’ हा शब्द कागदावर राहिला. रुग्णाच्या नातलगांच्या तोंडी ‘रक्त चढविणे’ हा प्रयोग आहे. सलाइनही ‘चढविले’ जाते. एकच क्रियापद दोहोंना लागल्यामुळे रक्त हेही शक्तीचे औषध आहे, अशी धारणा दृढ होते. अशक्तपणासाठी एखादी पिशवी चढवावी, असा आग्रह त्यातूनच उद्भवतो. लोहाच्या अभावाने आलेल्या पंडुरोगावर बहुधा लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून दिलेले लोह पुरते, आणि एका पिशवीने हिमोग्लोबिन सुमारे एक ग्रॅमच वाढते, हे त्या आग्रहात विसरले जाते. ‘संक्रमण’ या शब्दाचे भाग्यही चमत्कारिक आहे. हिंदीत त्याचा रूढ अर्थ रोगाची लागण असा आहे, आणि तेथे या क्रियेला ‘रक्ताधान’ म्हणतात. परक्या रक्ताबरोबर लागणही येऊ शकते, ही सूचना त्या शब्दात योगायोगाने दडलेली आहे.

उलट बाजू अधिक गंभीर आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ तालुक्यांतून शहरातील रक्तपेढीपर्यंतची वाट घाटांची आहे. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात साडेतीन लिटरच्या आसपास रक्त असते. प्रसूतीत त्यातील अर्धा लिटर गेले की ते रक्तस्रावाचे लक्षण मानावे, असा संकेत आहे. गरोदरपणात रक्ताचे आकारमान वाढलेले असते, म्हणून सशक्त स्त्री एवढी हानी सोसते. मुळातच पंडुरोगाने ग्रासलेली स्त्री सोसू शकत नाही. तिच्यासाठी रक्ताची गरज प्रसूतीच्या रात्री निर्माण झालेली नसते. ती सात-आठ महिने आधी, लोहाच्या गोळ्या सुरू व्हावयास हव्या होत्या तेव्हा, निर्माण झालेली असते. आणि त्या रात्री रक्त हवेच असेल, तर ‘दान’ जवळच्या केंद्रात आधीच जुळवून ठेवलेले असावे लागते.

नाशिकच्या लेण्यांतील दानलेखांत केवळ दात्याचे नाव नाही. दान कशासाठी, कोणास, किती आणि कोणत्या अटीवर, हेही तेथे कोरलेले आहे. विसाव्या शतकातील मराठीने ‘दान’ आणि ‘पेढी’ हे शब्द घेतले, परंतु त्यांच्यासोबतची अट मागे राहिली. रक्त केव्हा द्यावे आणि केव्हा देऊ नये, हे रुग्णाच्या नातलगास त्याच्या भाषेत समजावून सांगण्यासाठी लागणारी शब्दसंपत्ती मराठीत अद्याप घडावयाची आहे. वैद्यकाच्या पदव्या देणारे राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. वैद्य आणि भाषेचे अभ्यासक यांनी हे कार्य एकत्र बसून येथे हाती घेणे सर्वथा उचित ठरेल.